तात्यांचा उजवा गाल

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. डॉक्टर दिसला की लोक त्याला गुडघा दाखवतात, वकील दिसला की बांधाची हकीकत सांगतात. मी दिसलो की हनुवटीवरून हात फिरवतात आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, "खरं सांगा, तुम्ही स्वतः कशानं करता?" उत्तर मी देतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. आज संपादकांनी पानं दिली आहेत, तर सबंध देतो.

दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचा मी फिरता प्रतिनिधी होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला शाल दिली होती आणि ती शाल अजून चांगली आहे. नगर जिल्हा माझ्याकडे होता. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी घरी बसलेलो होतो, त्यामुळे माझ्या बॅगेवर अजून जुनंच नाव आहे. कोपरगाव, श्रीरामपूरपासून थेट भिंगारपर्यंतच्या कटलरी दुकानांत मला 'ब्लेडवाले' म्हणत. कार्डावर छापलेला हुद्दा ह्याच्यापेक्षा बराच लांब होता. तो कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

नोकरीची पहिली अर्धी वर्षं मी साध्या सेफ्टी रेझरची ब्लेडं विकली आणि उरलेली अर्धी वर्षं ती वापरू नका म्हणून सांगत फिरलो. कंपनी तीच, दुकानदार तेच, गालही बहुतेक तेच.

साधा रेझर म्हणजे तीन तुकडे: दांडी, खालची पट्टी आणि वरचं झाकण. मध्ये दोन्ही बाजूंना धार असलेलं पातळ ब्लेड. दांडी फिरवली की सगळं सुटं होतं, पाण्यात बुडवलं की स्वच्छ. त्याला जोर चालत नाही. तो आपल्या वजनानंच काम करतो, फक्त हात कलता धरायला शिकावं लागतं. शिकेपर्यंत माणसं गालावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून कचेरीत जायची. कार्ट्रिजचं तसं नाही. त्यात तीन, चार, पाच पाती एकाखाली एक बसवलेली असतात, मान हलती असते, वर एक बुळबुळीत पट्टी असते. अर्धवट झोपेतला माणूसही त्यानं कापून घेत नाही. मात्र पात्यांमधल्या फटी बारीक असतात. रोजची खुंटं असतील तर उत्तम. केस लांब असले की ते फटींत अडकतात आणि मग आपण गालावरून नुसता प्लॅस्टिकचा तुकडा फिरवत बसतो. ही गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हती.

कार्ट्रिज खपवायची आमची एक रीत होती. तिला मी 'अर्धा गाल' म्हणायचो. कंपनीत तिला भारदस्त नाव होतं. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर खुर्ची टाकायची, गिऱ्हाइकाला बसवायचं, डावा गाल आमच्या कार्ट्रिजनं करायचा आणि उजवा त्याच्याच घरच्या रेझरनं. मग चारचौघांत विचारायचं, गुळगुळीत कुठला? उत्तर नेहमी 'डावा' यायचं. त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. फेस मी दोन्ही गालांना एकदमच लावायचो. डावा उरकेपर्यंत उजव्या गालावरचा फेस वाळलेला असे, आणि त्यावर त्या माणसाचं महिनाभर वापरलेलं ब्लेड फिरे. ही तुलना मी कित्येक वर्षं केली आणि एकदाही हरलो नाही.

अडलो एकदाच, भिंगारला. एक निवृत्त सुभेदार खुर्चीत बसले, पाच पात्यांचं कार्ट्रिज चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "पहिलं पातं केस कापतं ना?"

"हो, साहेब."

"मग बाकीचे चार काय पंचनाम्याला आलेत?"

हे गृहस्थ एकच ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून घासून दोन महिने चालवत. मी त्यांना एक रेझर तसाच भेट दिला. पुढच्या फेरीत भेटले तेव्हा त्यांनी त्यानं स्वेटरवरचे लोकरीचे गोळे काढले होते, आणि वस्तू कामाची आहे असा लेखी अभिप्राय दिला. तो मी कंपनीकडे पाठवला नाही.

आता तात्यांचं सांगतो. रावसाहेब तात्या कोपरगाव तालुक्यातल्या एका गावचे. त्या गावात एसटी येत नव्हती. फाट्यावर उतरायचं आणि तीन किलोमीटर चालायचं. तात्यांनी भर ग्रामसभेत शपथ घेतली की गावात एसटी येईपर्यंत दाढी करणार नाही. गावानं टाळ्या वाजवल्या, कारण त्यात गावाला काही करायचं नव्हतं. तात्यांनी अर्ज केले, निवेदनं दिली, डेपोत जाऊन बसले. दोन वर्षांत दाढी छातीला टेकली. त्यांच्या पत्नी, ताराकाकू, शेजारणींना सांगत, "एसटी कवा यायची तवा येईल. तवर आमटीतले केस म्या काढायचे."

आणि एक दिवस एसटी आली. मोठ्या रस्त्यावरच्या पुलाचं काम निघालं म्हणून गाड्या गावातून वळवल्या होत्या. तात्यांच्या निवेदनांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण एसटी कशी यावी हे शपथेत नव्हतं, आणि आली तर होती. नेमकी सरपंचपदाची निवडणूक लागलेली. तात्या उमेदवार, आणि समोर त्यांचे चुलतभाऊ संपतराव. संपतराव रोज तुळतुळीत दाढी करणारे, काळ्याभोर मिशीचे गृहस्थ. पारावर बसून ते म्हणत, "दाढी वाढवून एसटी येत आसती, तर बोकडाच्या दारात डेपो झाला आसता."

तात्यांकडे जमीन बेताची, माणसं बेताची. मतं मागायला त्यांच्याजवळ ही शपथ सोडली तर काही नव्हतं. ती पुरी झाल्याचं गावाला दिसायला हवं, म्हणजे दाढी गावासमोर उतरायला हवी. ती गोष्ट अर्धवट राहिली तर निवडणूक गेली, हे तात्यांना माहीत होतं आणि संपतरावांनाही.

ही हकीकत मी कोपरगावच्या एका दुकानदाराकडून ऐकली आणि गंमत म्हणून आमच्या मॅनेजरसाहेबांना फोनवर सांगितली. गंमत म्हणून साहेबाला काहीही सांगू नये, हे माझ्या वयाच्या माणसाला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याहून गाडी घेऊन हजर. बरोबर कापडी फलक: 'संकल्प पूर्ण, गाल परिपूर्ण'. तात्यांची दाढी कंपनीच्या पाच पात्यांनी उतरणार आणि साहेब स्वतः मोबाईलवर तिचं चित्रण करणार, असं ठरलं. तात्यांना त्यात एकच आकर्षण होतं: मांडव आणि लाऊडस्पीकर कंपनीकडून.

मारुतीच्या पारावर लग्नातली लाल मखमली खुर्ची मांडली. गावचे कारागीर नामदेवराव ह्यांनी कात्रीनं दाढी उतरवत अर्ध्या पेरावर आणली आणि मशीन काढलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "मशीन नको. मग व्हिडिओत दिसणार काय?"

"साहेब, येवढं लांब तुमच्या त्या डबीत आडकंल."

"अहो, पाच ब्लेड आहेत त्यात."

"म्हंजे पाच जागी आडकंल," नामदेवराव म्हणाले. त्यांनी कात्री पुसली, पेटी बंद केली आणि ते दुकानाकडे निघून गेले. त्या दिवशी पारावर धंदा कळणारा तो एकटा माणूस होता.

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की निदान उजवा गाल साध्या रेझरनं करू, आपली रीतच आहे तशी. माझ्या बॅगेत माझा स्वतःचा पितळी रेझर होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी कंपनीनंच दिलेला. मी रोज त्यानंच दाढी करायचो, हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "कंपनीच्या कार्यक्रमात ती वस्तू बाहेर काढायची नाही." बॅग मी खुर्चीच्या पायाशी ठेवली. तिची चेन उघडीच राहिली.

डावा गाल सुरू केला. एक फटकारा मारला की कार्ट्रिज भरायचं. बादलीत खळबळवा, काठावर आपटा, पुन्हा लावा. आपटल्याचा आवाज माईकमधून सगळ्या गावाला जात होता.

"ब्लेडवाले, कापताय का उपटताय?" तात्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"होतंय तात्या."

"मला बी कळतंय काय व्हतंय ते."

तीन कार्ट्रिजं कामी आली तेव्हा डावा गाल मोकळा झाला. दोन वर्षं ऊन न बघितलेला, पांढराफटक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उजव्या गालाला ताजा फेस लावला, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ताराकाकू आल्या. हातात फोन होता. खुर्चीपासून दोन हात लांब थांबल्या आणि मला म्हणाल्या, "किती येळ?"

"एवढाच गाल राहिलाय."

"पाच मिंटात उरकंल?"

"का हो?"

"का ते इचारू नका. आन् ह्यांच्या कानावर काय पडू दिऊ नका."

मी काय समजायचं ते समजलो. वस्तीवर तात्यांचे चुलत चुलते गणूआबा नव्वदी ओलांडून अंथरुणाला खिळले होते, हे मी सकाळीच पारावर ऐकलं होतं. ते गेले होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भावकीत माणूस गेला की सुतक लागतं आणि दहाव्यापर्यंत भावकीतल्या पुरुषांच्या गालाला धार लागत नाही. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. म्हणून लग्नघरात अशी बातमी अक्षता पडेपर्यंत दाबून ठेवतात. काकूंनी तेच केलं होतं.

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. "काय झालं गं?"

"काय न्हाई. दाढी करा."

"आबा का?"

"दाढी करा म्हनलं ना."

तात्या मागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "मला काय कुनी सांगितल्यालं न्हाई."

पाच मिनिटं. कार्ट्रिजनं ते होणं शक्य नव्हतं, हे मला हाताला कळत होतं. पितळी रेझरनं चार मिनिटांत झालं असतं. तो माझ्या पायाशी होता. मी वाकलो, बॅगेत हात घातला, मूठ दांडीवर पडलीसुद्धा. तशी समोर पाहिलं. साहेबांनी मोबाईल न हलवता मान हलवली. अगदी थोडी. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

मी चौथं कार्ट्रिज काढलं.

गालावर दोन बोटांएवढी पट्टी निघाली असेल नसेल, तोच माईकवर संपतराव उभे. बातमी त्यांनाही लागली होती. "आज आनंदाचा दिवस हाय," ते म्हणाले. "तात्यांची शपथ पुरी व्हतीय. आपुन समद्यांनी त्यांचं अभिनंदन केलं पायजे. परंतु कळवायला अत्यंत दुःख व्हतं, की आपल्या समद्यांचा आधारवड, आदरनीय गणूआबा, आत्ताच आपल्याला सोडून गेले. तरी समद्यांनी जागेवर दोन मिनिटं स्तब्ध उभं ऱ्हावं."

गणूआबांना हयातीत आधारवड म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण ह्या विनंतीला नाही म्हणता येत नाही. सगळं गाव उठलं. तात्या उठले, गळ्यात टॉवेल, उजव्या गालावर फेस. मी उभाच होतो, हातात कार्ट्रिज. साहेबांनी चित्रण चालू ठेवलं. तेवढ्यात वळणावरून दुपारची एसटी आली. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न मारला, गाव उभं असलेलं पाहिलं, इंजिन बंद केलं. आतले प्रवासीही काय झालं ते न कळता उभे राहिले. तात्यांनी दोन वर्षं जिची वाट पाहिली ती एसटी समोर थांबली होती आणि त्यांच्या गालावरचा फेस हळूहळू वाळत होता.

दोन मिनिटं संपल्यावर तात्यांनी टॉवेलनं फेस पुसला. "बास," ते म्हणाले. "आता दहाव्याला."

संपतरावांनी माईक खाली ठेवला आणि नकळत स्वतःच्या तुळतुळीत गालावरून हात फिरवला. भावकी त्यांचीही तीच. दहा दिवस त्यांनाही दाढी नाही, देवळात प्रचाराचा नारळ नाही, गळ्यात हार नाही. हे त्यांना माईक हातात असताना सुचलं नसावं. माईक हातात असताना फार थोड्यांना फार थोडं सुचतं.

पुढचे आठ दिवस तात्यांनी तशाच तोंडानं घरोघर फिरून प्रचार केला. संपतरावांची माणसं म्हणायची, "ह्यांची शपथ फाट्यापर्यंतच आली." तात्यांची माणसं म्हणायची, दुखवटा पाळणारा माणूस आहे, दोन्ही गालांनी पाळतो. हे वाक्य कुणाला कळलं नाही, पण त्यांनी भिंतीवर लिहिलं. इकडे संपतरावांची दाढी वाढत होती. सहाव्या दिवशी गावाला प्रथमच समजलं की संपतरावांची मिशी काळी असली तरी दाढी पांढरीशुभ्र आहे. ते पारावर येईनासे झाले आणि आले तर तोंडाला उपरणं लावून बोलू लागले. साहेबांचा व्हिडिओ म्हणाल तर तो सगळा डाव्या बाजूनं घेतलेला होता आणि संपतराव माईकवर येण्यापूर्वीच कापलेला होता. तो कंपनीत गाजला. मला प्रशस्तिपत्रक आलं.

नवव्या दिवशी मतदान झालं. दहाव्या दिवशी सकाळी कोपरगावात दोन कार्यक्रम होते: तहसील कचेरीत मतमोजणी आणि गोदावरीच्या घाटावर गणूआबांचा दहावा. मी घाटावर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. खिशात पितळी रेझर आणि नवं ब्लेड होतं. आपण तो देऊ की नुसतेच खिशात ठेवून परत येऊ, हे माझं ठरलेलं नव्हतं.

भावकीतले पुरुष पायऱ्यांवर ओळीनं बसले होते आणि नामदेवराव वस्तरा घेऊन एकेकाचं उरकत होते. संपतराव नुकतेच त्यांच्यासमोर बसलेले. तात्या शेवटच्या पायरीवर, पाण्याजवळ. डाव्या गालावर दहा दिवसांची पांढरी खुंटं, उजव्यावर ते अर्धं पेर.

"आलात? बसा," तात्या म्हणाले. मग वर बघून, "नामदेवा, तू संपतचं निवांत कर. माझं हे करत्याल."

मी विचारलं, "कशानं करू?"

"त्या पितळीनं. पिशवीत हुता त्यो."

"तुम्हाला दिसला होता?"

"मान खालीच हुती की माझी. दिसंल न्हाई तर काय."

"मग बोलला का नाहीत तात्या? मी काढला असता."

"तुमच्या सायबानं मान हलवली, ती बी दिसली." त्यांनी ओंजळीनं गाल भिजवले. "तुमची नोकरी, माझी दाढी. दाढी परत येती."

मी खिशातून रेझर काढला. फेस केला, ब्लेड चढवलं आणि उजव्या गालापासून सुरुवात केली. रेझर भरला की दांडी सैल करायची, नदीत बुडवायची, पुन्हा आवळायची. वर पायरीवर ताराकाकूंचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन पदराखाली धरला आणि माझ्याकडे पाहून हाताची पाच बोटं दाखवली.

तात्यांना सगळं ऐकू येत होतं. डोळे मिटूनच ते म्हणाले, "मला काय कुनी सांगितल्यालं न्हाई."

ह्या वेळी माझ्यासमोर कुणी मान हलवणारं नव्हतं. उजवा गाल, हनुवटी, मग डावा गाल. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पाच बोटांतलं एक तरी शिल्लक राहिलं असेल. तात्यांनी नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि दोन्ही गालांवरून दोन्ही हात फिरवले.

मग काकू म्हणाल्या, "पडलात."

"व्हय?" तात्या म्हणाले.

"व्हय. पर तोंड तरी दिसलं. दोन वर्सं मी कुनाला जेवाया वाढतीय त्येच कळत न्हवतं."

वरच्या पायरीवर तीच बातमी पोहोचली. संपतराव एकदम उठायला गेले, तर नामदेवरावांनी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं. "हलू नका सरपंच. आर्धी ऱ्हायलीय."

निघताना तात्या रेझर पुसून मला परत देऊ लागले. मी घेतला नाही. कलता धरा, जोर लावू नका, एवढं सांगितलं आणि बसस्टँडवर आलो.

पुलाचं काम दोन महिन्यांत संपलं आणि एसटी परत मोठ्या रस्त्यावर गेली. ग्रामसभेत लोकांनी नव्या सरपंचांना धारेवर धरलं. काय बोलावं ते न सुचून संपतरावांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. गावानं टाळ्या वाजवल्या. निवृत्तीआधीच्या माझ्या शेवटच्या फेरीत मी त्या गावी मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. काळी मिशी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी असे सरपंच फाट्याकडे पायी निघाले होते, कोपरगावला एसटीचं निवेदन द्यायला. तात्या ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. ताराकाकू म्हणाल्या, सरपंच जायच्या वेळेलाच ह्यांना रोज दाढी आठवते. तात्यांनी फेसाच्या तोंडानं मला हात केला. हातात पितळी रेझर होता, आणि त्यांनी तो बरोबर कलता धरला होता.

तर, मी दाढी कशानं करतो? कार्ट्रिजनं. निरोपाच्या दिवशी शालीबरोबर कंपनीनं एक मोठं खोकंही दिलं होतं, ते अजून संपलेलं नाही. केस लांब नसतील तर चांगलं चालतं. माझ्याजवळ त्याहून चांगला रेझर आहे, पण तो कोपरगाव तालुक्यात असतो.